दोन त्रेपन्न

त्या दगडांची डोकी कोरी ठेवायला मी सांगितलं होतं. मनोहर विसरला नव्हता, त्याने आळसही केला नव्हता. मी सांगितलं आणि त्याने ऐकलं. नंतर मी कागदावर याच्या बरोबर उलट लिहून दिलं. पाच ओळी होत्या, अक्षर चांगलं आलं होतं. त्या पाच ओळी मला अजून तोंडपाठ आहेत, आणि दर नोव्हेंबरात हवेत धानाचा वास उतरला की त्या आपोआप आठवू लागतात.

यंदाही तो वास उतरला आहे. नागपूर मागे टाकून कुहीच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात तो गाडीत शिरतो. कापलेलं धान, दमट पेंढ्या, बांध्यांमधला, म्हणजे धानाच्या वाफ्यांमधला, आटत चाललेला चिखल. सकाळी धुकं असतं. धुक्यात विळ्यांचा आवाज येतो, पण माणसं दिसत नाहीत. करकर, करकर, मध्येच कुणीतरी हसतं, पुन्हा करकर. नऊच्या सुमाराला धुकं उठतं आणि रांगेने वाकलेल्या बायकांच्या पाठी दिसायला लागतात. पाहणाऱ्याला प्रसन्न वाटावं असंच ते दृश्य आहे. मी काच वर करून घेतो.

त्या वर्षांमध्ये या वासात ऑइलपेंट आणि टर्पेंटाइनचाही वास मिसळलेला असे. पाऊस संपला की रस्त्याच्या कामाला दोन हंगाम एकदम लागतात, खड्डे बुजवण्याचा आणि दगड रंगवण्याचा. मी एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. रंगवायचे दगड म्हणजे किलोमीटरचे. पांढरं अंग, पिवळं डोकं. अंगावर किलोमीटरचा आकडा आणि डोक्यावर महामार्गाचा नंबर. आपण सगळेच हे दगड लहानपणापासून पाहतो, आणि गाव किती राहिलं एवढंच त्यांना विचारतो. डोक्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. एरवी वाचायची गरजही नसते.

आमच्या वाट्याला मात्र नऊ किलोमीटरचा असा एक तुकडा होता, की तिथे डोकंच महत्त्वाचं. त्या तुकड्यावर दोन महामार्ग एकाच डांबरावरून जातात. एक उत्तरेकडून खाली येतो आणि त्याचे आकडे खाली येताना वाढतात. दुसरा दक्षिणेकडून वर जातो आणि त्याचे आकडे वर जाताना वाढतात. उत्तरेच्या टोकावरून दक्षिणेकडे निघालात तर डाव्या हाताचे दगड बावन्न, त्रेपन्न, चोपन्न असे चढत जातात, आणि उजव्या हाताचे साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न असे उतरत येतात. चार किलोमीटरवर दोन्हीकडे छप्पन. तिथे जरा जुळतं आणि पुन्हा फाटतं. म्हणून त्या तुकड्यावर त्रेपन्नचे दगड दोन आहेत. एक वरच्या टोकाशी, दुसरा तिथून सहा किलोमीटर खाली, समोरच्या बाजूला.

मनोहरने त्यांना नावं ठेवली होती. डावीकडचे सुलटे, उजवीकडचे उलटे.

"एकच रस्ता, सायेब," तो म्हणायचा. "चालनाऱ्याले वाटते आपण पुढं जाऊन राहिलो. इकडच्या गोट्याले इचारा, तो म्हणते, हाव, बरोबर. तिकडच्याले इचारा, तो म्हणते, वापस चालला गा तू."

मनोहर मूळचा पाट्या रंगवणारा. नागपुरात इतवारी आणि महाल भागातल्या कितीतरी दुकानांवर त्याची अक्षरं होती. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या, तेव्हा तो रस्त्याच्या कामाला लागला. साचा वापरायचा नाही. सूत मारून दोन रेघा आखायच्या, कुंचला एकदा टेकवायचा आणि पाचाचं पोट एका दमात फिरवायचं. मी एकदा त्याला म्हणालो होतो, अरे, दगडासाठी एवढी मेहनत कशाला? तो कुंचला पुसत म्हणाला, "दुकानाच्या पाटीवर मालकाचं नाव लिवलं तं मालक रोज पाह्यते. ह्या गोट्याले कोन पाह्यते? कुत्रं. अन् ते बी पाय वर करून." मग स्वतःच हसला आणि पुन्हा त्याच काळजीने तीनचं शेपूट ओढायला लागला. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा होता. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला अहो-जाहो. तेव्हा मला यात काहीच खटकत नसे. आज खटकतं.

दुपारी आम्ही उलट्या बाजूच्या पुलाच्या कठड्यावर बसून डबे खायचो. त्याच्या डब्यात नव्या तांदळाचा भात आणि वांग्याची भाजी. भाताला एवढा वास यायचा की माझ्या पोळ्या मला कोरड्या लागत. तो न विचारता अर्धा भात माझ्या झाकणात लोटायचा. समोर दुभाजकातली कण्हेर, मागे पिवळी शेतं, बांध्यांच्या धुऱ्यांवर बगळे. ती दुपार मला अजून दिसते, आणि दिसते म्हणूनच तिचा त्रास होतो. वाईट माणसाचा भात खाल्ला असता तर एवढं जड गेलं नसतं.

त्या वर्षी महामार्गांचे नंबर नुकतेच बदलले होते. डोक्यांवर जुने लिहायचे की नवे, याचं पत्र यायचं होतं. आणि दोन दिवसांनी तपासणी होती. मनोहर पिवळा डबा उघडून उभा होता.

"सायेब, डोकं कोरं ठेवलं तं कोनता सुलटा अन् कोनता उलटा, कसं समजन?"

"ज्याला समजायचं त्याला समजतं," मी म्हणालो. "आकडे टाकून घे. डोकी नंतर. तपासणीवाले गाडीतून उतरत नाहीत."

ते खरोखरच उतरले नाहीत. आठवड्याने नव्या नंबरांचं पत्र आलं. ते मी गाडीच्या खणात ठेवलं आणि दुसऱ्या कामाला लागलो. तीन आठवडे ते तिथेच होतं. मग एका संध्याकाळी, खणात काहीतरी शोधताना ते हाताला लागलं, तेव्हा मी मनोहरला फोन करून नंबर सांगितले आणि म्हणालो, "सवडीने डोकी करून टाक." गाडी दिली नाही. सोबत दुसरा माणूस दिला नाही. रस्त्यावर ठेवायचे लाल शंकू, चमकणारं जाकीट, काही नाही. सवडीने, असं म्हणालो. तोच शब्द होता, मला पक्कं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दक्षिणेच्या टोकाशी आमच्या पत्र्याच्या ऑफिसात होतो. धुकं उठत आलं होतं. मनोहरच्या नंबरावरून फोन आला, पण आवाज बाईचा.

"तुमी सायेब काय? हा तुमचा मानूस पडून हाये न इथं. गाडीनं उडवलं. आमी धान कापून राहिलो होतो, खाली बांधीत येऊन पडला."

"कुठे? जागा कोणती?"

"रस्त्याचा गोटा हाये. त्रेपन्न लिवलं हाये. रंग ओला हाये, माह्या हाताले लागला. लवकर या, भाऊ, हातातून लय रगत चाललं."

तिने दगडावर जे होतं ते सगळं वाचून सांगितलं. तिथे त्याहून जास्त काही नव्हतंच. मी रुग्णवाहिकेला तेच सांगितलं, आणि सांगताना माझ्या डोक्यात एकच त्रेपन्न होता. आमच्या नोंदवहीत फक्त सुलटे आकडे असत. उलट्या दगडांचे पैसे मिळत, पण कागदांवर जागा सांगायची ती सुलट्या आकड्यांनीच. इतकी वर्षं त्या रस्त्यावर काढून मला दुसरा त्रेपन्न आठवला नाही. मी गाडी उत्तरेकडे काढली.

पुढचं मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. ऑफिसपासून दोनच किलोमीटरवर, माझ्या डाव्या हाताला, उलटा त्रेपन्न लागतो. मी त्याच्यासमोरून गेलो. त्याचं डोकं ताजं पिवळं होतं, उन्हात चमकत होतं. ते मला दिसलं. आणि मला बरं वाटलं. इकडची बाजूही सुरू केली म्हणायची मनोहरने, असं माझ्या मनात आलं. खाली बांधीत चारपाच बायका उभ्या होत्या. कापणीच्या दिवसांत बायका मधूनमधून उभ्या राहतातच, कंबर सरळ करायला. त्यांच्या पायांशी तो होता. मी गाडीचा वेग वाढवला, कारण मला त्याच्यापर्यंत लवकर पोचायचं होतं.

वरच्या त्रेपन्नपाशी कुणी नव्हतं. दगडाचं डोकं कोरं, धुळीने मळलेलं. शेजारचं धान अजून उभं होतं. रुग्णवाहिकाही येऊन थांबली. ड्रायव्हर माझ्याकडे पाहत होता. मी पुन्हा फोन लावला.

"बाई, मी त्रेपन्नपाशीच उभा आहे. तुम्ही कुठे आहात?"

"आमी बी त्रेपन्नपाशीच हावो न, भाऊ!"

"अहो, इथे कुणी नाही."

"आमी हावो न इथं! गोट्याले हात लावून उभी हावो मी!"

आम्ही दोघंही खरं बोलत होतो. एकाच रस्त्यावर, एकाच आकड्याला हात लावून उभे होतो, आणि आमच्यात सहा किलोमीटर होते. मग मला ते ताजं पिवळं डोकं आठवलं.

बायकांनी लुगडं फाडून त्याचा दंड करकचून बांधला होता. त्यानेच तो वाचला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "जीव वेळेत आणलात. हाताला उशीर झाला." उजवा हात होता. कापावा लागला नाही, पण कोपराच्या खाली तो नंतर फक्त लटकत राहिला.

मी दोनदा भेटायला गेलो, एकदा दवाखान्यात, एकदा त्याच्या घरी. दुसऱ्या वेळी मनोहर उशीला टेकून बसला होता आणि वर्तमानपत्राच्या कडेला डाव्या हाताने पेनने आकडे काढत होता. "सायेब, पाच लिवता येते. पण पोट उलट्या बाजूले येऊन राहिलं," म्हणाला आणि हसला. त्याची बायको, सुनंदा वहिनी, स्टुलावर बसून मोसंबं सोलत होती. तिने पहिली फोड मला दिली. मी ती खाल्ली.

त्याच आठवड्यात चौकशी झाली. डोकी कोरी का होती, आणि हा माणूस एकटा तिथे कसा गेला, एवढेच दोन प्रश्न होते. मी लिहून दिलं की, सदर रंगाऱ्याने दगडांच्या माथ्यावरील क्रमांक वारंवार सूचना देऊनही हलगर्जीपणाने अपूर्ण ठेवले होते, व घटनेच्या दिवशी तो कोणासही न कळवता परस्पर कामावर गेला होता. हे मला कुणी सुचवलं नाही. कुणी दमही दिला नाही. माझंच डोकं. तो आता कामावर परत येऊ शकणार नाही, तेव्हा त्याच्या नावावर टाकलं तर त्याचं नवीन काय बिघडणार, असा हिशेब मी केला, आणि तो करताना मला घाम फुटला नाही. कागदाची एक प्रत त्याच्या घरी गेली. त्याच्या हाताची जबाबदारी कुणावरच आली नाही. त्यानंतर मी भेटायला गेलो नाही. पुढच्या वर्षी माझी बढती झाली. त्याच रस्त्यावर माझे आकडे चढत गेले आणि त्याचे उतरत गेले. दगडांनी हे आधीच लिहून ठेवलं होतं, असं म्हणून मन हलकं करायचाही मी प्रयत्न करून पाहिला. होत नाही. दगडांनी काहीच केलं नव्हतं.

तो कुठे आहे हे मला माहीत होतं. जुन्या ड्रायव्हरने केव्हाच सांगितलं होतं. इतवारीत भांड्यांच्या दुकानाबाहेर सुनंदा वहिनी भांड्यांवर नावं घालते, मशिनने कोरून, आणि मनोहर भांडं धरून बसतो. त्यामुळे इतवारी माझ्यासाठी बंद झाली. बायको म्हणायची, "काहून इतक्या लांब जायचं? भांडी इतवारीत स्वस्त मिळतात न." मी म्हणायचो, गर्दी फार असते, गाडी लावायला जागा नसते. मुलीच्या लग्नातली भांडीसुद्धा मी दुसरीकडून आणली. त्यांच्यावर नावं घातलीच नाहीत.

यंदा, याच महिन्यात, मला कुहीला जावं लागलं. त्या तुकड्याच्या सुरुवातीला आता मोठी हिरवी पाटी लागली आहे. तिच्यावर दोन्ही महामार्गांचे नंबर आहेत, एकाखाली लिहिलंय दक्षिण, दुसऱ्याखाली उत्तर, आणि दोघांना मिळून बाण एकच. पुढची गाडी थांबवून कुणी तरुण मुलं पाटीचा फोटो घेत हसत होती. "अबे, जायचं कुठं मंग?" त्यांच्यातला एक म्हणाला. पुढे रंगाचं काम सुरू होतं. साचे लावून फवारणी. आणि डाव्या हाताला एका दगडाचं डोकं ओलं, पिवळं, कोरं.

मी गाडी बाजूला घेतली. बांधीत बायका वाकलेल्या होत्या. त्यांच्यापैकी एखादी तीच असेल का? तिचं नावही मी कधी विचारलं नव्हतं. तिने बरोबर वाचलं होतं, एवढं तरी तिला कुणी सांगितलं असेल का?

त्या दिवशी कुहीहून परतताना मी आधी तो कागद बदलता येतो का ते पाहिलं. ठेकेदाराने धंदा केव्हाच गुंडाळला आहे. जिथे चौकशी झाली तिथल्या बाबूने माझा नवा अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "ते काम संपलं, साहेब. फाइल बंद झाली. आता हे कशाला लावू?" त्याने अर्ज परत माझ्या हातात दिला. खोटं लिहायला मला दहा मिनिटं लागली होती. खरं ठेवून घ्यायला तिथे जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी इतवारीत गेलो. हातगाड्या, टेम्पो, पितळेचा खणखणाट. दुकानाच्या पायरीशी सुनंदा वहिनी बसली होती, हातात कोरायचं मशीन, आणि मनोहर समोर गुडघ्यांत स्टीलचा डबा धरून. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. केस पांढरे झाले होते. मला पाहून तो दचकला नाही.

"जय भीम, सायेब. डबा घेता काय? नाव फुकट घालून देऊ."

"जय भीम. मनोहरभाऊ, तुमच्याशी बोलायचं होतं."

"भाऊ?" तो हसला. "अन् तुमच्याशी? आज काहून एवढा मान देऊन राहिले, बापा?"

मी खाली वाकून, त्याच्या कानाशी, हळू आवाजात सगळं सांगितलं. डोकी, पत्र, सवडीने, कागद. मशीन घर्र करत होतं. तो डब्यावरची नजर न काढता ऐकत राहिला.

"हे मले काहून सांगून राहिले?" तो म्हणाला. "मले तं मालूमच हाये. कोरं ठेव म्हनलं तवा समोर मीच उभा होतो न." मग हनुवटीने बायकोकडे दाखवलं. "तिले सांगा. तिनं तुमचा कागद वाचला हाये. सहा वर्स झाले, म्या घसा कोरडा केला. ते म्हनते, सही हाये सायबाची. सायेब आपल्या घरी येऊन बसले, मोसंबं खाल्लं, ते काहून खोटं लिवन?"

मी उठून तिच्यासमोर गेलो. ती एका परातीवर कुणाचंतरी नाव घालत होती. मी म्हणालो, वहिनी, चूक माझी होती. तिने मान वर केली नाही. नाव पुरं केलं, खाली गाव घातलं, फुंकर मारून स्टीलची भुकटी उडवली. मग मशीन बंद केलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तिने ऐकलं होतं.

"जोरानं सांगा," ती म्हणाली. "मशीन सुरू होती."

दुकानदार गल्ल्यावरून पाहत होता. शेजारच्या दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळली. हातगाडीवाला थांबला. मनोहरने डबा गुडघ्यांतून काढून बाजूला ठेवला.

"डोकी कोरी ठेवायला मी सांगितलं होतं," मी मोठ्याने म्हणालो. "मनोहरभाऊ विसरले नव्हते. त्या दिवशी त्यांना मीच पाठवलं होतं. मी कागदावर खोटं लिहिलं, वहिनी. मला माफ करा."